१२,३४,५६,७८९ : हातानं अवयव काढता येतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्याच एका पालकांची मुलगी आठवीत आहे. तिनं कॅल्क्युलेटरवर १२३४५६७८९ ला ८ नं गुणलं, तर उत्तर आलं ९८७६५४३१२. म्हणजे संख्या जवळजवळ उलटी झाली, फक्त शेवटी २१ च्या जागी १२. असं का होतं, ही संख्या मूळ आहे का, नसेल तर तिचे अवयव कुठले, आणि हे सगळं कागद-पेन्सिलीनं निघतं का, असं तिनं विचारलं. वडील ३, ७, ११, १३ असं भागत शंभरच्या पुढं गेले आणि कंटाळून थांबले. आता ते विचारतात, "एवढ्या मोठ्या संख्येला हाताची पद्धत आहे की कॉम्प्युटरच लागतो?"

हाताची पद्धत आहे, आणि या संख्येपुरतं बोलायचं तर ती पाच मिनिटांत संपते. शिष्यवृत्ती आणि ऑलिंपियाडच्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवतोय. मोठी संख्या दिसली की बहुतेक मुलं लगेच भागाकाराला लागतात, हे दर वर्षी बघतो. तुमचं तेच झालं. संख्येकडं आधी नीट बघायचं, भागाकार त्यानंतर.

सुरुवात अंकांच्या बेरजेपासून करू. ही सवय आपल्याकडं सगळ्यांना आहेच. एमएच ०९ च्या पुढं कुठला नंबर घ्यायचा आणि त्याची बेरीज किती येते यावर इथं तासन्‌तास चर्चा होते. शुभ-अशुभाचं मला ठाऊक नाही, पण त्या बेरजेमागं पक्कं गणित आहे. १०, १००, १००० यांतल्या कुठल्याही संख्येला ९ नं भागलं तर बाकी १ उरते. त्यामुळं कुठल्याही संख्येला ९ नं भागून जी बाकी येते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ नं भागूनही येते. आपली बेरीज १ + २ + … + ९ = ४५. तिला ९ नं पूर्ण भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो:

१२३४५६७८९ = ९ × १३७१७४२१

म्हणजे ती मूळ नाही, हा एक प्रश्न मिटला. इथं जरा थांबून एक गोष्ट मुलीला दाखवा. अंकांचा क्रम बदलला तरी बेरीज ४५ च राहते. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून ३,६२,८८० संख्या लिहिता येतात आणि त्यांतली एकही मूळ नाही. सगळ्यांना ९ नं भाग जातो. साडेतीन लाखांहून जास्त संख्यांचा निकाल एका बेरजेत लागतो.

त्यांत पूर्ण वर्ग मात्र आहेत, एकूण ३०. सगळ्यांत लहान ११८२६ चा वर्ग, १३९८५४२७६, आणि सगळ्यांत मोठा ३०३८४ चा, ९२३१८७४५६. आपली संख्या त्यांत नाही. हे वर्गमूळ न काढताही कळतं: विषम संख्येच्या वर्गाला ८ नं भागलं तर बाकी नेहमी १ उरते, आणि आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक ७८९ घेऊन ८ नं भागलं तर बाकी ५ येते.

आता ८ नं गुणण्याची गंमत. आपली संख्या आणि तिची उलटी संख्या एकाखाली एक लिहा. प्रत्येक स्तंभात १ + ९, २ + ८, ३ + ७ अशी बेरीज १० च येते. हातचे धरून एकूण होतं

१२३४५६७८९ + ९८७६५४३२१ = १११११११११०

दुसरीकडं, आपल्या संख्येला ९ नं गुणलं तर

९ × १२३४५६७८९ = ११११११११०१

दोन उत्तरांत फरक फक्त ९ चा. पहिल्यातून दुसरं वजा करा. डावीकडं उलटी संख्या उरते आणि त्यातून आपल्या संख्येची ८ पट वजा होते, उजवीकडं ९. म्हणजे उलटी संख्या ही आपल्या संख्येच्या ८ पटीपेक्षा बरोबर ९ नं मोठी आहे. ९८७६५४३२१ मधून ९ गेले की ९८७६५४३१२. शेवटचे दोन अंक अदलाबदल झालेत असं जे वाटतं, ते या वजाबाकीमुळं.

मग ९ नं गुणल्यावर एवढे १ का येतात? संख्या अशी मांडून बघा: १ + ११ + १११ + ११११ + … + १११११११११. शेवटच्या पदात नऊ एके आहेत. एककाच्या घरात नऊ वेळा १, दशकाच्या घरात आठ वेळा, असं करत सगळ्यांत डावीकडं एकदाच. बेरीज १२३४५६७८९. यातलं प्रत्येक पद म्हणजे ९, ९९, ९९९ यांचा नववा भाग. सगळं आवरून घेतलं तर एक सूत्र मिळतं:

८१ × १२३४५६७८९ = १०,००,००,००,००० − ९१

उजवीकडं एक हजार कोटींतून ९१ वजा. हे सूत्र कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढं कामाला येईल. वर्गमूळ लागलीच मिळतं. हजार कोटी म्हणजे एक लाखाचा वर्ग आणि ८१ म्हणजे ९ चा वर्ग, म्हणून आपल्या संख्येचं वर्गमूळ एक लाख भागिले ९ च्या किंचित खाली, ११११११ च्या आसपास नव्हे, ११,१११.११ च्या आसपास. (दशांशचिन्ह कुठं द्यायचं यात चांगली चांगली मुलंही फसतात, म्हणून मुद्दाम दोन्ही लिहिलं.)

मुलीला २, ४, ५ आणि ७ नंही गुणायला सांगा. २४६९१३५७८, ४९३८२७१५६, ६१७२८३९४५, ८६४१९७५२३. प्रत्येक उत्तरात १ ते ९ सगळे अंक एकेकदा हजर. ३ आणि ६ नं गुणलं की मात्र हे मोडतं: ३७०३७०३६७ आणि ७४०७४०७३४. कारण वरच्या सूत्रातच आहे. ३ पट म्हणजे हजार कोटींचा सत्ताविसावा भाग, जवळजवळ, आणि १/२७ चं दशांश रूप ०.०३७०३७०३७… असं तीन तीन अंकांनी फिरत राहतं. ३ नं भाग जाणाऱ्या गुणकांना ही अडचण येते, बाकीच्यांना येत नाही.

इथं कापरेकरांची आठवण निघणारच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, डहाणूत जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे. त्यांचा ६१७४ बहुतेकांना माहीत असतो. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमानं आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा, आणि काही पायऱ्यांत ६१७४ वर येऊन अडकता. १९४९ साली त्यांनी हे मांडलं. आपल्या नऊ अंकांना तीच क्रिया लावा:

९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२

उत्तरात पुन्हा १ ते ९ एकेकदाच आलेत. म्हणजे ते उतरत्या-चढत्या क्रमानं लावलं की परत त्याच दोन संख्या मिळणार आणि वजाबाकीही तीच येणार. एका पायरीत स्थिर! ६१७४ ला नऊ अंकांतला हा भाऊ आहे. (५५४९९९४४५ हाही तसाच, करून बघा.) आणि याचंही कारण वर येऊन गेलंय. उलटी संख्या ८ पट अधिक ९, तिच्यातून एक पट गेली, उरली ७ पट अधिक ९. वरचं ८६४१९७५२३ घ्या, ९ मिळवा.

कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांत मात्र आपली संख्या बसत नाही. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी. इथं बेरीज ४५, म्हणजे ५ नंही भाग जायला हवा, आणि शेवटी तर ९ आहे.

आता खरं काम: १३७१७४२१ चे अवयव.

सरळ भागत गेलात तर काय होईल ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही का कंटाळलात हे कळेल. याचा सगळ्यांत लहान अवयव ३६०७ आहे आणि ती ५०४ वी मूळ संख्या आहे. तुम्ही शंभरच्या पुढं थांबलात तेव्हा पंचवीस-तीस मूळ संख्या तपासून झाल्या असतील. पावणेपाचशेच्या वर भागाकार बाकी होते. चिकाटी कमी पडली नाही, वाट चुकीची होती.

दुसरी वाट आठवीच्या पुस्तकातच आहे: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). मुलं हे सूत्र उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं घोकतात, पण संख्या फोडायला ते वापरायचं असतं हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या संख्येत काहीतरी वर्ग मिळवून पूर्ण वर्ग तयार झाला, तर अवयव हातात आलेच. नारायण पंडितांनी १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त ही युक्ती दिली आहे. युरोपात ती फर्मा या फ्रेंच गणितीच्या नावानं ओळखली जाते. त्यानं १६४३ साली २०२७६५१२८१ ही संख्या याच पद्धतीनं ४४०२१ × ४६०६१ अशी फोडली, बाराव्या प्रयत्नात.

करून बघू. १३७१७४२१ चं वर्गमूळ वरच्या ११,१११.११ च्या एक तृतीयांश, म्हणजे ३७०३.७ च्या आसपास. (९ काढून घेतला, म्हणून वर्गमूळातून ३ गेले.) त्याच्या लगेच पुढची पूर्ण संख्या ३७०४.

३७०४² = १३७१९६१६, वजा केल्यावर उरले २१९५. हा वर्ग आहे का? शेवटी ५ असलेला वर्ग नेहमी २५ वर संपतो, हा ९५ वर संपतोय. बाद.

३७०५² = १३७२७०२५, उरले ९६०४. शेवटी ०४, चालू शकतं. १०० च्या वर्गाहून थोडं कमी, म्हणून ९८ करून बघा. ९८² = ९६०४.

झालं. दुसऱ्याच प्रयत्नात.

१३७१७४२१ = ३७०५² − ९८² = ३८०३ × ३६०७

वर्गात हे करताना मागच्या बाकावरून एकदा तरी "नाद खुळा" येतंच, आणि मी ते अडवत नाही.

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का, हे तपासायचं राहिलं. इथं भागाकार लागतोच, पण थोडा. ३६०७ चं वर्गमूळ ६० च्या जरा पुढं, म्हणून ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्या पुरतात. ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या १८. मुलीला हे करू द्या. दोन्ही मूळ निघतात. तर पूर्ण उत्तर:

१२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

९ आधी काढला नसता तरी चाललं असतं. ११११२ पासून सुरुवात केली तर फरक येतात १९७५५, ४१९८०, ६४२०७. पहिला ५५ वर संपतो, दुसऱ्याच्या शेवटी एकच शून्य आहे, तिसऱ्याच्या शेवटी ७. तिन्ही नुसत्या नजरेनं बाद होतात. चौथ्यांदा ११११५² वजा संख्या = ८६४३६, म्हणजे २९४ चा वर्ग. त्यातून १०८२१ × ११४०९ मिळतं आणि त्या दोघांतून ३-३ बाहेर काढले की तेच उत्तर.

एवढं सोपं का गेलं? दोन अवयव एकमेकांच्या जवळ होते. अंदाजाचं सूत्र असं: अवयवांमधल्या फरकाचा वर्ग करा आणि त्याला संख्येच्या वर्गमूळाच्या आठपटीनं भागा, साधारण तेवढे प्रयत्न लागतात. इथं फरक १९६, वर्ग ३८४१६, भागिले २९६३० च्या आसपास, म्हणजे सव्वा ते दीड. फरक वर्गमूळाच्या मानानं लहान असेल तोवरच हे सूत्र खरं.

आता तुमच्या मनात येईल की मग भागाकार करायचाच कशाला, नेहमी हीच पद्धत वापरू. तसं करू नका. आपल्याच संख्येची उलटी बाजू घ्या. ९८७६५४३२१ ला ९ नं भागलं की येतात १०९७३९३६९. हिला वर्गाची युक्ती लावायला बसलात तर १०४७६ पासून एकेक पुढं जात १९०००५ पर्यंत जावं लागतं. १,७९,५३० प्रयत्न! आणि साधा भागाकार केला तर सातव्याच मूळ संख्येनं, १७ नं, भाग जातो. दुसऱ्यांदाही जातो.

९८७६५४३२१ = ३ × ३ × १७ × १७ × ३७९७२१

(३७९७२१ मूळ आहे. त्यासाठी ६१६ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात, हे रविवारचं काम.)

अंक तेच, क्रम उलटा, आणि दोन पद्धतींची ताकद पूर्ण पालटली. भागाकार लहान अवयवांना पकडतो. वर्गाची युक्ती एकमेकांजवळच्या अवयवांना पकडते. म्हणून मी मुलांना पानाचे दोन भाग करायला सांगतो, डावीकडं पाचपंचवीस मूळ संख्यांनी भागाकार, उजवीकडं वर्गाचे आठ-दहा प्रयत्न. दोन्हींत काही सापडलं नाही तर ती संख्या हाताची नाही, खुशाल कॉम्प्युटरला द्या.

हा नुसता परीक्षेचा खेळ नाही. आरएसए या संकेतपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवलेला असतो आणि तो फोडता येत नाही यावर सुरक्षितता उभी असते. २०४८ बिटांची किल्ली म्हणजे ६१७ अंकी संख्या. ती बनवताना दोन मूळ संख्या फार जवळजवळ घ्यायच्या नाहीत, असा नियमच आहे, कारण अंक कितीही असले तरी जवळचे अवयव वर्गाच्या युक्तीनं झटक्यात सुटतात. नीट निवडलेल्या संख्या किती दमवतात त्याचं उदाहरण म्हणजे १९७७ साली आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या. ती फुटायला १९९४ उजाडलं, आणि तेव्हाही सहाशेच्या आसपास लोकांनी आपापले कॉम्प्युटर कामाला लावले होते.

अवयव मिळाले की उरलेले गुणधर्म पटापट निघतात. विभाजक किती? ३ हा शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो, उरलेले दोघे घ्यायचे किंवा नाही. ३ × २ × २ = १२. ते असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि ती स्वतः. सगळ्यांची बेरीज १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून स्वतःला वगळलं तर ५,४९,६६,०२७ उरतात. हे आपल्या संख्येपेक्षा बरेच कमी, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण संख्येच्या (जिथं ही बेरीज संख्येएवढीच येते) जवळपासही नाही.

तिच्याशी १ शिवाय कुठलाही सामाईक विभाजक नसलेल्या, तिच्याहून लहान अशा संख्या किती, हे ऑयलरच्या सूत्रानं ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. तीनातल्या दोनाहून अगदी थोड्या कमी, कारण अडवण्याचं काम मुख्यतः ३ च करतो. ३६०७ आणि ३८०३ इतके मोठे आहेत की त्यांच्या पटी विरळाच येतात.

आपली संख्या आणि उलटी यांचा मसावि विचारला जातो हमखास. मुलं दोघींचे अवयव काढत बसतात. गरज नाही. उलटी वजा आपल्या संख्येची ८ पट = ९, हे आपण बघितलं. मसाविनं डाव्या बाजूला भाग जातो, म्हणून ९ लाही गेलाच पाहिजे. ९ नं दोघींना भाग जातो. मसावि ९.

आपली संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. ४ नं भागून बाकी १ उरते म्हणून वाटतं की येईल, पण ३६०७ ला ४ नं भागलं तर बाकी ३, आणि तो एकदाच आलाय. तिथंच अडतं. तीन वर्गांची बेरीज म्हणून मात्र येते, कारण विषम संख्येला ८ नं भागून बाकी ७ उरली तरच ते अडतं, आणि इथं बाकी ५ आहे.

आकाराचा अंदाज हवा असेल तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. आपली संख्या त्याहून सुमारे एक कोटी अकरा लाखांनी जास्त. कोल्हापूर जिल्ह्याच्या तेव्हाच्या ३८,७६,००१ लोकसंख्येच्या जवळजवळ ३२ पट.

तुमच्या मुलीनं पुढचं काय विचारायचं हे ठरवलंच असेल: शेवटी आणखी एक १ लावला तर? १२३४५६७८९१. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ३ आणि ९ दोन्ही गेले. २ आणि ५ तर नाहीतच. डावीकडच्या स्तंभात काही सापडणार नाही आणि उजवीकडच्याही नाही, कारण ही मूळ संख्या आहे. हातानं सिद्ध करायचं तर ३५,१३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. ते तिला करायला लावू नका, कॉम्प्युटरला सांगा.